बिडाचा नवा तवा घावनांसाठी कसा तयार करावा

घावन तव्याला चिकटलं की आपण पिठाला दोष देतो, तांदूळ बदलतो. माझ्या अनुभवात खोट बहुतेक वेळा तव्यात असते.

भाकरीचा पत्र्याचा तवा पटकन तापतो, पटकन निवतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते सावकाश तापतं, पण एकदा तापलं की गार पीठ ओतलं तरी उष्णता धरून ठेवतं. घावनाला जाळी पडते ती त्यामुळेच. विकत घेताना तवा ठोकून पाहा. आवाज खणखणीत हवा. बद्द आला तर कुठेतरी तडा आहे.

घरी आणल्यावर काथ्याने आणि साबणाने घासा. मग भाताची पेज ओतून रात्रभर ठेवा, सकाळी धुवा आणि गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा करा.

आता तेल. कोकणात हात आपसूक खोबरेलाकडे जातो, पण इथे ते नको. तव्यावर कडक काळा थर धरतो तो तेल तापून आळल्यामुळे, आणि खोबरेल तसं आळत नाही. जवसाचं, सूर्यफुलाचं किंवा शेंगदाण्याचं घ्या. कोमट तव्याला दोन-चार थेंब चोळा आणि सुती फडक्याने पुसून काढा, जणू लावलंच नव्हतं. जाड थर चिकटच राहतो. खिडकी उघडून धूर येईस्तोवर तापवा, निवू द्या. असं चार वेळा करा. शेवटी कांदा चांगला काळपट होईपर्यंत परता आणि टाकून द्या.

पहिली दोन-तीन घावनं बिघडतील, बिघडू द्या. प्रत्येक घावनाआधी अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून फिरवा. आमच्याकडे नारळाची शेंडीही चालते.

तापलेला तवा नळाखाली कधीही धरू नका. बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो, त्यामुळे ते ठिसूळ असतं, तडकतं. आमसूल, आगळ किंवा चिंचेचं काही त्यावर शिजवू नका. आंबट पदार्थ थर खातो. तव्यावर थर नीट बसला की कोरड्या मसाल्यातले रवा लावलेले बांगडे मात्र खुशाल तळा.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, ओला तवा रात्रीत गंजतो. धुतल्यावर दोन मिनिटं आचेवर ठेवा, तेलाचा हात फिरवा, कागदात गुंडाळा. तरीही गंज आलाच तर तवा भंगारात देऊ नका. काथ्याने गंज खरवडा आणि तेल-आचेचा तोच क्रम पुन्हा करा.