हिशेबाचा कागद आधी मागा: परदेशात मॉडेलिंग सुरू करायला आलेल्यांसाठी

तुम्ही उतरलात की पहिल्या एक-दोन दिवसांत मॉडेलिंग एजन्सीत बोलावणं येतं. टेपने मापं घेतात, खिडकीपाशी उभं करून पोलरॉइड्स काढतात, आणि खोलीची किल्ली व उद्याच्या कास्टिंगची, म्हणजे क्लायंट मॉडेल निवडतात त्या भेटींची, यादी हातात ठेवतात. हे सगळं इतकं झटपट आणि आपुलकीने होतं की आपल्याला नोकरीच लागली असं वाटायला लागतं. नोकरी लागलेली नसते. ती खोली, विमानाचं तिकीट, व्हिसाची फी, छापलेली कार्डं, विमानतळावर घ्यायला आलेली गाडी, यातलं बरंचसं तुमच्या नावावर उधार मांडलेलं असतं.

मला हे कळायला पहिला अख्खा सीझन लागला. दोन महिन्यांत मला दोन ई-कॉमर्सची कामं, एक लुकबुक (ब्रँडच्या नव्या कपड्यांचं फोटोपुस्तक) आणि एक शो मिळाला होता. नवख्या मुलीसाठी हे वाईट नव्हतं. निघायच्या आदल्या आठवड्यात हिशेब मागितला, तर शेवटच्या ओळीत उणे आकडा. कोणी खोटं बोललं नव्हतं. पलंगाचं भाडं, दर आठवड्याला हातखर्चाला दिलेले पैसे, पोर्टफोलिओच्या प्रिंट्स, कुरिअर, वेबसाइटवर माझं पान ठेवल्याची फी, हे सगळं मी सही केलेल्या करारात होतं. मी तो वाचला नव्हता, आणि वाच असं मला कोणी म्हटलंही नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगते.

एजन्सीकडे हिशेबाचा कागद पहिल्याच महिन्यात मागा आणि मग दर महिन्याला मागत राहा. तोंडी नको, ईमेलवर मागा. प्रत्येक ओळीपुढे तारीख हवी आणि खर्च कशाचा ते लिहिलेलं हवं. खोलीत चार पलंग असतील तर एका पलंगाचे किती लावलेत हे विचारा आणि तेवढ्या पैशांत बाहेर काय मिळतं ते स्वतः बघा. कोणताही खर्च तुमच्या नावावर टाकण्याआधी विचारावं, असं पहिल्याच दिवशी लिहून पाठवा. यात उद्धटपणा काही नाही. चांगल्या बुकरला, म्हणजे एजन्सीत तुमची कामं ठरवणाऱ्या माणसाला, हिशेब समजणारी मॉडेल आवडते, कारण तिच्याशी नंतर भांडणं होत नाहीत.

करारात चार गोष्टी नीट बघा. कमिशन किती, मुदत किती, करार आपोआप वाढतो का, आणि एक्सक्लुझिव्ह आहे, म्हणजे दुसऱ्या एजन्सीकडून काम घेता येत नाही, तो फक्त या शहरापुरता की जगभरासाठी. कमिशन साधारण २० टक्के असतं. बऱ्याच ठिकाणी एजन्सी क्लायंटकडून वेगळी सर्व्हिस फीही घेते, म्हणजे एकाच कामावर तिला दोन्हीकडून मिळतं. तुमची मदर एजन्सी असेल, म्हणजे जिने तुम्हाला शोधून इथे पाठवलं ती, तर तिचा वाटा सहसा इथल्या एजन्सीच्या कमिशनमधून जायला हवा. तो तुमच्या हिश्श्यातून वेगळा कापला जात असेल तर का, हे विचारा.

कायदा जागेप्रमाणे बदलतो आणि तो माहीत असल्याचा फार उपयोग होतो. फ्रान्समध्ये मॉडेल कायद्याने कर्मचारी धरली जाते, त्यामुळे पगाराची पावती मिळते. अमेरिकेत बहुतेक मॉडेल्सना स्वतंत्र व्यावसायिक मानतात. न्यूयॉर्क राज्यात फॅशन वर्कर्स ॲक्ट १९ जून २०२५ पासून लागू झाला. एजन्सीचं कमिशन २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, करार तीन वर्षांपेक्षा लांबीचा नको, साइन करताना डिपॉझिट घ्यायचं नाही, राहण्याच्या जागेचं भाडं बाजारभावापेक्षा जास्त लावायचं नाही, आणि मॉडेलला कराराची प्रत द्यायची, हे सगळं त्यात आलं. तुम्ही दुसऱ्या शहरात असलात तरी ही यादी हाताशी ठेवा. स्वतःच्या करारात काय तपासायचं हे तिच्यावरून लगेच कळतं.

व्हिसाबद्दल थोडक्यात. ‘सध्या टुरिस्ट व्हिसावर ये, काम मिळालं की बघू’ असं कोणी म्हणालं तर येऊ नका. पकडलं गेल्यावर परत पाठवतात ते तुम्हाला, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तो डाग राहतो. अमेरिकेत मॉडेल्स मुख्यतः ओ-१ किंवा एच-१बी या कामाच्या व्हिसांवर काम करतात. दोन्हींना मासिकांतली कामं, मोठ्या क्लायंटची पत्रं असा पुरावा लागतो. म्हणून छापून आलेलं प्रत्येक पान पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

आता रोजचं काम. पोलरॉइड्स म्हणजे तुमचे साधे, खरे फोटो. दिवसाचा उजेड, मेकअप नाही, अंगाला बसणारे एकरंगी कपडे, केस एकदा मोकळे आणि एकदा बांधलेले, समोरून, बाजूने, पाठीमागून आणि पूर्ण उंचीत. केस कापले, रंगवले किंवा वजन बदललं की नवे काढायला सांगा. मापांत एक सेंटीमीटरही खोटं घालू नका. फिटिंगला कपडा बसला नाही की खोटं तिथेच उघडं पडतं, आणि तो स्टायलिस्ट पुन्हा बोलावत नाही. युरोपात मापं सेंटीमीटरमध्ये सांगतात, अमेरिकेत इंचांत. दोन्ही तोंडपाठ हवीत, आणि बुटाचा नंबरही दोन्ही पद्धतींत.

कास्टिंगला काळी पॅन्ट, साधा टॉप, पिशवीत हिल्स, कॉम्प कार्डं (तुमचे फोटो आणि मापं छापलेली कार्डं) आणि पोर्टफोलिओ. मोठ्या कास्टिंगला जिन्यापर्यंत रांग असते, आणि आत गेल्यावर कदाचित तीस सेकंद मिळतात. नाव सांगा, कार्ड द्या, चालायला सांगितलं तर चाला, धन्यवाद म्हणून बाहेर या. त्या तीस सेकंदांत कोणाचा चेहरा कसा होता याचा अर्थ घरी जाताना लावत बसू नका. ज्या कास्टिंगमधून मी रडत बाहेर आले होते, तिथूनच मला पहिलं काम मिळालं, आणि जिथे माझं सगळ्यात जास्त कौतुक झालं तिथून कधीच काही आलं नाही.

ऑप्शन हा शब्द मात्र नीट समजून घ्या, नवीन मुलं-मुली इथेच सगळ्यात जास्त फसतात. क्लायंट तुमच्यावर ऑप्शन ठेवतो म्हणजे त्या तारखेसाठी तुम्हाला राखून ठेवतो. पहिला ऑप्शन असेल तर निवडीचा पहिला हक्क त्याचा, दुसरा असेल तर पहिल्याने सोडल्यावर. ऑप्शन कन्फर्म झाल्याशिवाय ते काम तुमचं नाही, आणि बहुतेक ऑप्शन आदल्या संध्याकाळपर्यंत सुटतात. ऑप्शनच्या भरवशावर घरी फोन करून सांगू नका, पैसे उसने घेऊ नका, तिकीट बदलू नका. उलट बाजूने तुमचीही एक जबाबदारी आहे. ज्या दिवशी तुम्ही मोकळ्या नसाल, मग डॉक्टर असो, परीक्षा असो किंवा कोणी भेटायला येणार असो, तो दिवस एजन्सीला आधी कळवून बुक आउट करून घ्या. कन्फर्म झालेल्या कामाला न जाणं हे या धंद्यात कोणी विसरत नाही.

पैसा कुठे असतो याबद्दल बाहेर सगळा उलटा समज आहे. मासिकातलं एडिटोरियल, म्हणजे मासिकाने स्वतः केलेलं फॅशनचं फोटोशूट, सगळ्यांना दिसतं, त्याचे पैसे नाममात्र मिळतात. काही डिझायनर शोच्या बदल्यात कपडेच देतात. भाडं निघतं ते ई-कॉमर्स, कॅटलॉग, शोरूम आणि जाहिरातींवर. ई-कॉमर्सच्या एका दिवसात तीस-चाळीस किंवा त्याहूनही जास्त वेळा कपडे बदलावे लागतात, आणि प्रत्येक कपड्यात तीच ताजी नजर लागते. ते कमी प्रतीचं काम आहे असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. फिट मॉडेलचं कामही बघा. पॅटर्न तयार करताना कपडा तुमच्या अंगावर बसवून पाहतात, पैसे तासावर मिळतात, चेहऱ्याला फारसं महत्त्व नसतं, मापं मात्र स्थिर लागतात. माझ्या ओळखीची एक जण दहा वर्षं हेच करून स्वतःच्या घरात राहते.

कमर्शियल मॉडेलिंगचं दार त्याहून मोठं आहे. फॅशनच्या रॅम्पवर मुलींची उंची साधारण १७३ ते १८० सेंटीमीटर मागतात. बँक, औषध, फोन किंवा साबणाच्या जाहिरातीत कोणी उंची मोजत नाही. तिथे आई दिसणारी बाई लागते, आजोबा लागतात, नुसते सुंदर हातही लागतात. कॅमेऱ्यासमोर सहज बोलता-हसता येणं इथे फार कामाला येतं, म्हणून जमलं तर अभिनयाचा एखादा वर्ग करा. तुमची उंची पाच सेंटीमीटरने कमी पडत असेल तर फॅशन एजन्सीच्या दारात वर्षं घालवण्याऐवजी थेट कमर्शियल बोर्डाकडे, म्हणजे एजन्सीच्या जाहिरातींची कामं बघणाऱ्या विभागाकडे, जा.

जाहिरातीत दिवसाच्या पैशापेक्षा वापराचे पैसे मोठे असतात. फोटो कुठे वापरणार, किती काळ आणि कोणकोणत्या देशांत, यावर बायआउट, म्हणजे वापराच्या हक्काची रक्कम, ठरतो. एका वर्षाचा करार असताना दुसऱ्या वर्षी तुमचा चेहरा बसथांब्यावर दिसला, तर फोटो काढून तारखेसह बुकरला पाठवा, त्याचे पैसे वेगळे मिळतात. आता यात डिजिटल प्रतिकृतीही आली. एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीने २०२५ मध्ये ३० मॉडेल्सचे डिजिटल जुळे, म्हणजे संगणकावरच्या हुबेहूब प्रतिकृती, तयार करण्याचं जाहीर केलं. न्यूयॉर्कच्या त्या कायद्यात अशा प्रतिकृतीसाठी मॉडेलची वेगळी लेखी संमती लागते. तुम्हाला कोणी थ्रीडी स्कॅनसाठी उभं केलं तर आधी विचारा की त्या स्कॅनचं काय होणार, आणि उत्तर कागदावर घ्या.

पैसे हातात यायला उशीर लागतो हे मनात धरूनच या. काम झाल्यावर साठ, नव्वद दिवस, कधी त्याहूनही जास्त. काही एजन्सी आधी पैसे देतात, पण त्यावर फी कापतात. निदान तीन महिन्यांचा खर्च स्वतःचा घेऊन आलात तर नको ते काम नाकारायची ताकद राहते.

नाकारायची वेळ येते. खरी एजन्सी नोंदणीसाठी, कोर्ससाठी किंवा ठरावीक फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करून घेण्यासाठी आगाऊ पैसे मागत नाही. रस्त्यात किंवा इन्स्टाग्रामवर स्काउट, म्हणजे एजन्सीसाठी नवे चेहरे शोधणारा माणूस, भेटला तर एजन्सीच्या अधिकृत वेबसाइटवरचा नंबर शोधून फोन करा आणि तो माणूस तिथे काम करतो का ते विचारा. कास्टिंग हॉटेलच्या खोलीत किंवा रात्री कोणाच्या घरी असेल तर जाऊ नका, आधी बुकरला फोन करा. कपड्यांशिवाय किंवा अंतर्वस्त्रांतलं काम आधी सांगून, लेखी ठरवूनच होतं. सेटवर ऐनवेळी कोणी सुचवलं तर ‘एजन्सीशी बोला’ एवढं म्हणणं पुरेसं आहे, आणि ते म्हटल्याने काम गेलं तर ते जाऊ द्या. मॉडेल्सनी क्लबमध्ये यावं म्हणून फुकट जेवण आणि गाडी देणारे प्रमोटर त्यांच्या खोल्यांपर्यंत पोहोचतात. तुम्ही त्यांना काही देणं लागत नाही.

शरीराबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. ‘कंबरेखाली दोन सेंटीमीटर कमी कर’ हे वाक्य तुम्ही ऐकाल, बहुधा पहिल्याच आठवड्यात. माझ्या खोलीत राहिलेल्या एका मुलीने ते मनावर घेतलं आणि सहा आठवड्यांत तिची पाळी बंद झाली. घरी परत जाऊन बरी व्हायला तिला दोन वर्षं लागली. २००६ मध्ये माद्रिदच्या फॅशन वीकने बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १८ पेक्षा कमी असलेल्या मॉडेल्सना रॅम्पवर मनाई केली. फ्रान्समध्ये मॉडेलला प्रकृती ठीक असल्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. २०१७ मध्ये एलव्हीएमएच आणि केरिंग या मोठ्या फॅशन ब्रँडच्या मालक असलेल्या दोन फ्रेंच समूहांनी मिळून नियमावली केली. त्यात स्त्रियांसाठी फ्रेंच ३२ ही अगदी लहान साइझ बंद केली, आणि प्रौढांच्या कपड्यांच्या शोमध्ये १६ वर्षांखालच्या मुली घ्यायच्या नाहीत असं ठरलं. म्हणजे तुम्हाला ३२ मध्ये बसायला सांगणारा माणूस या क्षेत्रातल्या सगळ्यात मोठ्या घरांनी नाकारलेली गोष्ट मागतो आहे. त्याला तसं सांगता येतं. पाळी चुकली, केस गळू लागले, जिने चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कास्टिंग सोडा आणि डॉक्टरकडे जा. येण्याआधी काढलेल्या आरोग्यविम्याचा नंबर पाकिटात ठेवा.

तुमचा रंग सावळा असेल तर स्वतःच्या छटेचं फाउंडेशन जवळ बाळगा. मोठमोठ्या सेटवरही ते नसतं हे मी अनेकदा अनुभवलंय. केस कुरळे असतील तर ते कसे हाताळायचे हे हेअर स्टायलिस्टला पहिल्याच मिनिटाला सांगा, जळाल्यावर सांगून काही होत नाही.

खोलीतल्या बाकीच्या मुलींशी मैत्री ठेवा. सकाळी त्याच कास्टिंगला त्या तुमच्या स्पर्धक असतात, हे खरं आहे. पण कोणता फोटोग्राफर त्रास देतो, कोणता क्लायंट पैसे थकवतो, कोणत्या वकिलाकडे गेल्यावर उपयोग होतो, ही माहिती त्यांच्याकडूनच मिळते. न्यूयॉर्कमध्ये मॉडेल अलायन्स ही संस्था २०१२ पासून मॉडेल्सच्या हक्कांसाठी काम करते आहे. तक्रार कुठे करायची हे कळत नसेल तर अशा ठिकाणी विचारा.

सीझन संपून परत निघाल, तेव्हा एजन्सीकडून दोन कागद घ्या. एक, त्या दिवसापर्यंतचा पूर्ण हिशेब. दुसरा, केलेल्या पण अजून पैसे न आलेल्या कामांची यादी, क्लायंट, तारीख आणि रक्कम लिहून. इथलं बँक खातं लगेच बंद करू नका, तुम्ही गेल्यानंतरही महिनोन्‌महिने पैसे येत राहतात. कर कापला गेला असेल तर त्याचं प्रमाणपत्रही मागा, घरी विवरण भरताना त्याच्याशिवाय तोच कर दुसऱ्यांदा भरावा लागू शकतो. आणि खोलीची किल्ली परत देताना ती कोणत्या तारखेला दिली ते लिहून त्यावर त्यांची सही घ्या, म्हणजे पुढच्या आठवड्याचं भाडं तुमच्या नावावर चढणार नाही.