व्हिक्टोरियन रांगेतलं घर घेताय? या चुका टाळा

इंग्लंडमध्ये घर शोधायला निघालं की लाल विटांची, एकमेकांना चिकटून उभी असलेली एकोणिसाव्या शतकातली घरं हमखास पुढ्यात येतात. पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘माझ्या एका घराने काय बिघडणार?’ हा विचार. बिघडतं. सारख्या उंचीच्या खिडक्या, एका ओळीतली धुराडी, दारांवरच्या कमानी, सगळी शोभा रांगेची असते. मध्येच एकाने प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या की पंगतीत एकाच पानावर कागदी द्रोण आल्यासारखं दिसतं. लिव्हरपूलच्या ‘वेल्श स्ट्रीट्स’ नावाच्या गल्ल्या पाडायचा बेत सरकारने २०१५मध्ये फेटाळला. ती साधी कामगारवस्तीच होती. ‘बीटल्स’च्या रिंगो स्टारचं जन्मघर त्यातलंच, पण माझ्या मते मोल अख्ख्या गल्ल्यांचं होतं.

भिंतीला ओल दिसली की सिमेंटने दर्जा (विटांमधले सांधे) भरून घेणं, ही सर्रास होणारी चूक. या भिंती बहुधा नऊ इंची, भरीव, चुन्यात बांधलेल्या. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंटने ती विटेत अडकते आणि थंडीत गोठून विटेचे पापुद्रे सुटतात. ओल थांबवायला भिंतीत रसायनं टोचणाऱ्या कंत्राटदाराला बोलावण्याआधी पन्हळ फुटलंय का, बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा वर आलीय का, लाकडी जमिनीखालच्या हवेच्या जाळ्या बुजल्यात का, ते बघा. बरेचदा दुखणं तिथेच असतं. दर्जा भरायचाच तर चुन्याने.

घर संरक्षित ऐतिहासिक इमारतींच्या ‘ग्रेड टू’ यादीत असेल तर फक्त दर्शनी भाग सांभाळून चालत नाही. जिना, फायरप्लेस, मागची बाजू, सगळं संरक्षित. परवानगीशिवाय बदल करणं तिथे फौजदारी गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकाचं बेकायदा काम निस्तरायची नोटीस तुम्हालाही येऊ शकते. ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या वारसा जपणाऱ्या संस्थेची यादी ऑनलाइन फुकट बघता येते. यादीत नाव नसलं तरी घर संवर्धन क्षेत्रात आहे का आणि ‘आर्टिकल फोर’ (एरवी परवानगीशिवाय करता येणाऱ्या बदलांवरचं बंधन) लागू आहे का, हे स्थानिक कौन्सिलकडे विचारा. ते लागू असेल तर साधी खिडकी बदलायलाही परवानगी लागू शकते.

वापर बदलणं हे आणखी वेगळं प्रकरण. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२मध्ये राहिले. तेही अशाच रांगेतलं. महाराष्ट्र सरकारने ते २०१५मध्ये विकत घेतलं, तरी राहत्या घराचं संग्रहालय करायला कौन्सिलने नकार दिला. परवानगी मिळाली ती सार्वजनिक चौकशीनंतर, २०२०मध्ये. एवढ्या मोठ्या नावालाही कागद चुकले नाहीत. म्हणून सॉलिसिटरकडून जुन्या परवानग्यांच्या प्रती सह्या करण्याआधीच मागून घ्या.