जिन्याला लाकडी फळ्या बसवताना

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत कोटा फरशीच्या जिन्यावर सागवानी फळ्या टाकायची हौस हल्ली बरीच दिसते. दिसतं छान, पण आधी टेप घेऊन पायऱ्यांची उंची मोजा. २५ मिलिमीटरची फळी प्रत्येक पायरीवर टाकली की मधल्या पायऱ्या एकमेकींशी जुळतात. खालची पहिली मात्र २५ मिलिमीटरने उंच होते आणि वरची शेवटची तेवढीच बुटकी. माणूस नेमका तिथेच ठेचकाळतो. म्हणून शक्य असेल तर वरच्या आणि खालच्या जमिनीचं काम याच हिशेबात धरा.

जुन्या भिंती काटकोनात नसतात, सुतार काहीही म्हणो. प्रत्येक पायरीचा पुठ्ठ्याचा साचा वेगळा कापा, त्यावर नंबर टाका. भिंतीकडे दोन-तीन मिलिमीटर फट सोडा. मे महिन्यात आक्रसलेलं लाकूड पावसाळ्यात फुगतं. बसवण्याआधी फळ्या आठवडाभर घरातच पडू द्या.

आधी उभी फळी, मग तिच्यावर आडवी. आडव्या फळीची पुढे आलेली कड, म्हणजे नाक, २०-२५ मिलिमीटर पुरे, आणि ते सगळीकडे सारखं हवं. कड रंध्याने गोल करा. धारदार कड नडगीला लागते आणि लवकर छिलतेही. नुसत्या गोंदावर विसंबू नका. आधी बारीक भोक पाडून स्क्रू आवळा, डोकं आत बुडवून त्याच लाकडाच्या गुटक्याने बुजवा. फळीखाली पोकळी राहिली तर पायरी करकरते, तिथे पातळ पाचर सरकवा.

पॉलिश मॅटच घ्या. चकचकीत पायरीवर मोजे घालून उतरून बघा!