नागपूरहून गाडीने कोकणात जाताय? या चुका टाळा

मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या कॉलनीत कोकणच्या बेतांना ऊत येतो. साहजिक आहे. झीरो माइलच्या गावाहून रस्त्याने कुठलाही समुद्र सातशे किलोमीटरच्या अलीकडे नाही. मग दरवर्षी कोणीतरी विचारतं, "भाऊ, दापोली किती किलोमीटर?" इथेच पहिली चूक होते. विचारायला हवं, किती तास?

समृद्धी महामार्गाने आपला हिशेब बिघडवला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंतचा रस्ता सुरू झाला, जून २०२५ मध्ये इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा, आणि ७०१ किलोमीटर सलग मिळाले. ताशी १२० ची सवय झालेला माणूस तोच भागाकार किनाऱ्यावरही लावतो. रेवस ते रेड्डीचा सागरी रस्ता मात्र गावातून, वाडीतून, लोकांच्या अंगणाला घासून जातो. समोरून एसटी आली की एकाने मागे यायचं. तिथे ताशी २५-३० धरा. पहिल्या दिवशी शिर्डी किंवा नाशिकला मुक्काम करा. एका दमात समुद्र गाठायचा हट्ट करणारे पनवेल-पेणच्या गर्दीत संध्याकाळी चिडचिड करत बसलेले असतात.

हवा कमी करून निघणे

उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा थोडी कमी ठेवायची, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. उलट कमी हवेचा टायर जास्त दबतो, त्याच्या बाजू सतत वाकत राहतात आणि तोच जास्त तापतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर पूर्ण भाराचा आकडा वेगळा दिलेला असतो. पाच माणसं आणि डिकीभर सामान असेल तर तोच आकडा धरा, आणि हवा सकाळी गाडी थंड असताना भरा. टायरच्या बाजूला चार अंक कोरलेले दिसतील. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसते म्हणून इतका जुना टायर समृद्धीवर नेऊ नका.

घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरणे

आपला सराव सपाट रस्त्याचा. आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल तर मुळीच नको. जळका वास आला, ब्रेक स्पंजासारखा लागला, तर सुरक्षित जागी थांबून अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते.

ज्यांना गाडी लागते त्यांना घाटाआधी तर्री-पोहे देऊ नका. पुढे बसवा, मोबाइल काढून घ्या.

फेरीबोट गृहीत धरणे

दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. या खाड्या गाडीसकट बोटीने ओलांडता येतात, आणि मुलांना अख्ख्या सहलीत तेवढंच आठवतं. पण शेवटची बोट केव्हा, हे त्याच दिवशी सकाळी विचारून घ्या. दाभोळला ती चुकली, तर समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला खेड-चिपळूणवरून शंभर किलोमीटरच्या वर वळसा पडतो.

वाळूत गाडी घालणे

हे आम्ही केलं आहे, म्हणून सविस्तर. दापोलीजवळच्या कर्द्याची ओली वाळू डांबरासारखी कडक वाटली. फोटोसाठी गाडी वळवली आणि पुढची चाकं कोरड्या वाळूत गेली. मी ॲक्सिलरेटर दाबला. तीन सेकंदांत गाडी पोटावर बसली. तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, पाणी जवळ आलं का?" आलं होतं.

एका स्थानिक काकांनी शिकवलं ते असं. आधी ॲक्सिलरेटर सोडा, चाक फिरेल तेवढं खोल जातं. चाकांपुढची-मागची वाळू ताटलीने उकरा (आमची स्टीलची, डब्याचं झाकण). चारही टायरची हवा अठरा-वीस पीएसआयवर आणा, म्हणजे टायर पसरतो. पायपुसण्या चाकाखाली सरकवा, स्टिअरिंग सरळ ठेवा आणि आल्या चाकोरीतून रिव्हर्समध्ये, अगदी हळू. बाहेर आल्यावर हवा परत भरल्याशिवाय वेगाने जायचं नाही, त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा पंप जवळ हवा.

काकांचा दुसरा धडा भरतीचा. कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अंदाजच आहे, पण मुलांना पाण्यात केव्हा सोडायचं नाही एवढं कळतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा बरंच वर येतं.

परतल्यावर गाडी धुवायला द्याल तेव्हा खालून, चाकांच्या कमानीतून धुऊन द्या असं स्पष्ट सांगा. नाहीतर वरून चकचकीत करून देतात आणि मीठ आतच राहतं.