जुनी इनोव्हा घ्यायची असेल तर आधी तिचा मालक तपासा

दिवाळी आणि जत्रांचा हंगाम आला की सांगली जिल्ह्यातल्या विट्यात बाहेरच्या पासिंगच्या इनोव्हा दिसायला लागतात. टीएन, केएल, एपी, डब्ल्यूबी. खानापूर-आटपाडीकडची गलाई करणारी मंडळी देशभर पांगलेली. सोनं-चांदी गाळायचं दुकान कोइंबतूरला आणि घर इथं, असा संसार. हंगाम संपला की माणसं परत जातात, काही गाड्या मात्र इथंच राहतात, कारण त्यांचा सौदा झालेला असतो. मग घेणारा गाडी माझ्या गॅरेजवर आणतो आणि चावी हातात देत म्हणतो, "मिस्त्री, टोयोटा आहे, तसं बघण्यासारखं काय नाही. तरी एकदा नजर टाका."

बघण्यासारखं असतं, आणि ते टोकन द्यायच्या आधी बघायचं असतं. टोकन दिल्यावर मी फक्त खर्चाचा आकडा सांगू शकतो.

इनोव्हाला जुन्या बाजारात त्याच सालाच्या इतर गाड्यांपेक्षा जास्त भाव येतो. हा वरचा भाव नावाचा. नाव कशावर उभं राहिलं हे कळलं, की गाडीत काय शोधायचं तेही कळतं. म्हणून बॉनेट उघडायच्या आधी थोडं मागं जाऊ.

माझे वडील विट्यात मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. साध्या यंत्रमागावर ताण्याचा दोरा तुटला आणि विणकराचं लक्ष नसलं, तर माग खडखडत चालूच राहतो आणि कापडात हातभर दोष विणला जातो. जपानमध्ये साकिची टोयोदा नावाचा एका सुताराचा मुलगा नेमका याच दुखण्यामागं लागला. १९२४ साली त्याचा जी टाइप माग आला. दोरा तुटला की हा माग आपोआप थांबायचा, आणि धोट्यातली आडव्या दोऱ्याची कांडी संपत आली की न थांबता धोटा बदलायचा. १९२६ मध्ये त्या मागांचा कारखाना निघाला. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं या मागाचे पेटंट हक्क १ लाख पौंडांना घ्यायचा करार केला. कापडयंत्रांच्या धंद्यात तेव्हा इंग्लंडचा दबदबा होता, हे लक्षात घ्या. साकिचीचा मुलगा किइचिरो यानं १९३३ मध्ये त्याच माग-कारखान्यात मोटारींचा विभाग काढला. १९३६ मध्ये एए नावाची मोटार बाहेर पडली आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर ही वेगळी कंपनी झाली.

१९५० मध्ये ती बुडायला आली होती. कामगार संपावर गेले, माणसं कमी करावी लागली आणि किइचिरोनं राजीनामा दिला. त्याच वर्षी कोरियाचं युद्ध पेटलं, अमेरिकी सैन्याकडून ट्रकच्या ऑर्डरी आल्या आणि कंपनी तगली. पुढं ताइइची ओनो या इंजिनिअरनं मागाची ती सवय मोटारीच्या लाइनवर नेली. चूक दिसली की कामगारानं दोरी ओढायची, गरज पडली तर अख्खी लाइन थांबवायची, आणि चूक जिथं झाली तिथंच निस्तरायची. आपल्याकडं मालक म्हणतो, "चालू दे, संध्याकाळी बघू." टोयोटाचं नाव या 'चालू दे'ला नाही म्हणण्यातून झालं, असं माझं मत आहे.

यात आपला जिल्हाही येतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर घडवले. त्याच घराण्याच्या उद्योगानं १९९५ मध्ये टोयोटा गटाशी हातमिळवणी केली ती आधी कापडगिरणीच्या यंत्रांसाठी. मोटारींची टोयोटा किर्लोस्कर मोटर नंतर आली, १९९७ मध्ये. कारखाना बंगळूरजवळ बिडदीला. २००० मध्ये क्वालिस, २००५ मध्ये इनोव्हा, २०१६ मध्ये इनोव्हाचीच पुढची पिढी, क्रिस्टा.

आता दुसरी बाजू. २००९-१० मध्ये अ‍ॅक्सिलरेटर अडकून गाडी आपोआप पळते अशा तक्रारी आल्या, आणि टोयोटाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. साकिचीचा पणतू आकियो टोयोदा तेव्हा कंपनीचा प्रमुख होता. त्याला अमेरिकी संसदेच्या समितीपुढं उभं राहावं लागलं. २०१४ मध्ये त्या प्रकरणात १२० कोटी डॉलर भरून अमेरिकी न्याय खात्याशी तडजोड झाली. आणि जानेवारी २०२४ मध्ये उघड झालं, की टोयोटा इंडस्ट्रीजनं डिझेल इंजिनांची ताकद मोजायच्या चाचणीत वेगळं सॉफ्टवेअर वापरलं होतं. आपल्याकडं क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स कारखान्यातून सोडणं काही काळ थांबवावं लागलं. टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजे कोण, तर तो मूळचा माग-कारखानाच. दोरा तुटला की थांबणारा माग ज्यांनी केला, त्यांच्याच घरात 'चालू दे' शिरलं. रस्त्यावरच्या गाड्या त्यामुळं बिघडल्या नाहीत, पण नावाकडं बघून डोळे मिटायला मी तरी सांगणार नाही.

म्हणून जुनी इनोव्हा बघताना मी एकच गोष्ट शोधतो. या गाडीचा मालक दोरा तुटल्यावर थांबणारा होता, की 'चालू दे' म्हणणारा?

सुरुवात कागदांपासून करा. आरसीवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर गाडी कितव्या मालकाकडं आहे, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत आहे हे दिसतं. आधी टी-परमिटवर, म्हणजे टॅक्सीला, होती का तेही विचारा, कारण पिवळ्या पाटीची पांढरी झालेल्या इनोव्हा बाजारात भरपूर आहेत. टॅक्सीला चाललेली गाडी वाईटच असते असं मात्र नाही. सर्व्हिस वेळेवर झालेली टॅक्सी मी खुशाल घ्या म्हणून सांगितली आहे. मीटर मागं फिरवणं सोपं असतं, तेव्हा आकड्यावर जाऊ नका. अधिकृत शोरूममधला सर्व्हिसचा इतिहास मागा. तिथं प्रत्येक नोंदीपुढं किलोमीटर असतात. २०१५ ला दीड लाख आणि आज ९० हजार, असं दिसलं तर चहा पिऊन उठा.

पुढाऱ्याची गाडी असेल तर जरा थांबा. किलोमीटर कमी, रंग चकचकीत, सीटवर पांढरे टॉवेल. पण साहेब सभेत आणि गाडी बाहेर एसी लावून तासन्‌तास चालू, असं तिचं आयुष्य गेलेलं असू शकतं. मीटर फक्त पळणं मोजतं, उभ्या उभ्या चाललेलं इंजिन तिथं दिसत नाही.

इंजिन थंड असतानाच गाडी बघायला जा, आणि तसं आधी सांगू नका. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर विकणाऱ्यानं आधीच गरम करून ठेवलंय. का, ते त्याला विचारा. थंड इंजिन चालू करताना ऑइलचा लाल दिवा किती पटकन विझतो ते बघा. रेंगाळला तर गडबड आहे. जुन्या २.५ लिटर डिझेल इंजिनात इंजेक्टरचे वॉशर लीक झाले की जळका वायू आत शिरतो, काजळी ऑइलमध्ये उतरते आणि खाली तेल ओढणारी जाळी चोंदते. हे इंजेक्टर कव्हरच्या आत असल्यामुळं गळती बाहेरून दिसत नाही. म्हणून ऑइल भरायचं झाकण उघडून टॉर्च मारा. डिझेलचं ऑइल काळं असणारच, त्याला घाबरू नका. आत डांबरासारखे पापुद्रे धरलेत का, एवढं बघा. मग इंजिन चालू ठेवून झाकण नुसतं तोंडावर ठेवा. थोडं हललं तर चालतं. थडथड उडत असेल आणि धूर भपाभप येत असेल तर इंजिन बॅक मारतंय, म्हणजे जळका वायू पिस्टनच्या बाजूनं खाली उतरतोय. त्यापुढं भावाची बोलणी करायची नसतात, इंजिन उतरवायचा खर्च धरायचा असतो.

कूलंटची बाटली बघा. टोयोटाचं कूलंट गुलाबी असतं. आपल्याकडं बऱ्याच गाड्यांत बोअरचं पाणी सापडतं. तळाशी विटकरी गाळ असेल तर रेडिएटर आतून धरला आहे, आणि मालक कुठल्या प्रकारचा होता याचं निम्मं उत्तर तुम्हाला तिथंच मिळालं.

उरलेलं निम्मं टायमिंग बेल्टमध्ये आहे. क्वालिसला आणि २.५ च्या इनोव्हाला टायमिंग बेल्ट असतो, क्रिस्टाला चेन. बेल्ट रबराचा असतो आणि लाख-दीड लाख किलोमीटरच्या टप्प्यावर तो बदलायचा असतो. तुटायच्या आधी तो आवाज करेल, इशारा देईल, असं समजू नका. चालत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उतरवावं लागतं. मीटरवर टी-बेल्टचा दिवा लागतो खरा, पण बेल्ट न बदलता तो दिवा विझवता येतो. तेव्हा 'दिवा लागला नाही' हे उत्तर ऐकून घेऊ नका. बिल मागा. बिलावर बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर दोन्ही असायला हवेत. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरायचं आणि तेवढे पैसे भावातून कापायचे. यावर विकणारा चिडला तरी चालेल.

आपल्या भागात आणखी एक तपासणी सोडू नका, ती महापुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. त्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या, आणि त्या सांगलीतच विकल्या गेल्या असं थोडंच आहे. पुराची गाडी वरून ओळखू येत नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. रिळात गुंडाळलेला भाग सहसा कुणी धूत नाही, तिथं मातकट रेघ सापडते. मधल्या सीटच्या रुळाखाली बोट घाला. गंज आणि वाळलेला गाळ एकत्र लागला तर समजा. डॅशबोर्डखाली वाकून वायरिंगची एखादी चिमटी सोडवायला सांगा आणि पितळेवर हिरवट बुरशी आहे का बघा. इंजिन पुरातून वाचवता येतं. पण वायरिंग पुढं वर्ष-दोन वर्षं गाडीवाल्याला नाचवतं, आज काच खाली जात नाही, उद्या चेक लाइट लागतो.

गाडी चालवून बघायची ती रेवणगावच्या घाटात, सोबत चार माणसं बसवून आणि मागचा एसी लावून. सपाट रस्त्यावर कुठलीही इनोव्हा चांगलीच वाटते. चढावर तिसऱ्या गिअरला पाय दाबा. इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी चढत नाही, म्हणजे क्लच गेला. मागून काळ्या धुराचा लोट येतो का, ते दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. उतारावर पाय काढला की मागच्या बाजूनं घूंऽऽ असा आवाज आला तर डिफ्रन्शलवर संशय घ्या. गिअर टाकताना खालून 'टक्क' झालं तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस असेल, तो किरकोळ खर्च. जुनी इनोव्हा चेसिसवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बांधलेली आहे. म्हणून परत आल्यावर ती लिफ्टवर घेऊन चेसिस पुढून मागं बोटानं तपासायची. वेल्डिंगचा ताजा डाग किंवा नुसत्या एका भागाला मारलेला काळा रंग म्हणजे अपघात. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा.

एअरबॅगही मोजा. सुरुवातीच्या खालच्या व्हेरियंटना त्या नव्हत्या, आणि टोयोटा म्हटल्यावर असतीलच असं बरेच जण धरून चालतात.

छोटी गाडी बघत असाल तर एवढंच लक्षात ठेवा, की ग्लांझा म्हणजे बलेनो आणि रुमियन म्हणजे एर्टिगा. दोन्ही सुझुकीच्या आहेत, गाड्या म्हणून चांगल्याही आहेत. पण वर सांगितलेला नावाचा भाव त्यांना लावू नका.

गाडी पसंत पडली आणि बाहेरच्या राज्याची असली तर खरा त्रास पुढं आहे. मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, नाव बदलायला २९ आणि ३०, बोजा असेल तर बँकेच्या पत्रासह ३५, आणि एमएच १० म्हणजे सांगली पासिंगसाठी २७. महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो, आणि डिझेलला तो पेट्रोलपेक्षा जास्त असतो. गाडी स्वस्त वाटत असेल तर आधी आरटीओत जाऊन या टॅक्सचा आकडा काढा, मग स्वस्त म्हणा. दिल्ली पासिंगच्या बाबतीत तर नक्कीच. तिथं १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून त्या इकडं कमी भावात येतात. राहिलेली ई-चलनं विकणाऱ्याला भरायला लावा.

सगळे पैसे एकदम देऊ नका, गावचा पाव्हणा असला तरी. एनओसी हातात येईपर्यंत जाणवेल एवढी रक्कम मागं ठेवा. चावी घेताना तारीख आणि वेळ घालून डिलिव्हरी नोट लिहून घ्या, दोघांच्या सह्या करा. मध्येच शेट केरळला निघून गेले आणि फोन उचलेनासे झाले, तर हाच कागद उपयोगी पडतो.

नाव लागलं की पहिल्या आठवड्यात ऑइल, सगळे फिल्टर आणि कूलंट बदला. बेल्टचं बिल मिळालं नसेल तर बेल्टही बदला. आणि केलेल्या कामाचं बिल मागून घ्या, माझ्याकडूनसुद्धा. स्वतःहून देण्याची आम्हा मिस्त्री लोकांना सवय नसते.