ताब्याच्या पावतीवर सही करण्याआधी

नव्या फ्लॅटचा ताबा घ्यायला बिल्डरचा फोन आला की पेढे नंतर आणा, आधी पिशवी भरा. महापालिकेचा शिक्का असलेल्या मंजूर नकाशाची प्रत घ्या. जाहिरातीतलं रंगीत चित्र इथे कामाचं नाही. नोंदणी झालेला करारनामा आणि त्याला जोडलेली फिटिंग-फरशीची यादी घ्या. पोलादी टेप, खडू, वही, मोबाइलचा चार्जर, एक बादली आणि काचेची गोटी सोबत असू द्या.

जायचं ते दुपारी. आमचं धुळ्याचं घर आम्ही सकाळी नऊला पाहिलं, गारवा होता, सगळं छान वाटलं. नकाशात उत्तरेला असलेली बेडरूमची खिडकी पश्चिमेला निघाली आहे, हे लक्षातच आलं नाही. मे महिन्यात पारा 44 वर गेला, तेव्हा रात्री नऊ वाजताही त्या भिंतीला हात लावला की चटका बसायचा. म्हणून नकाशा हातात धरून प्रत्येक खोलीत दिशा बघा, खिडक्या-दारं मोजा. आईने आल्याआल्या विचारलं होतं, "गच्चीवर जावाले जिना कोठे शे?" तिला बिबडे वाळवायचे होते. तिचा प्रश्न यादीत पहिला लिहा.

मग टेप. प्रत्येक खोली गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत मोजा, आकडा वहीत लिहा. कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळात, आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, पाइपांची डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. रेराच्या, म्हणजे बिल्डरवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या, नमुना करारात कार्पेटमधला फरक 3 टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणजे 600 चौरस फुटांत 18. पण या मर्यादेत कमी भरलेल्या जागेचेही पैसे परत मिळायला हवेत, हे बहुतेकांना माहीतच नसतं. बाथरूममध्ये बादली ओता, गोटी सोडा; ती जाळीकडे गेली पाहिजे. चार्जर प्रत्येक पॉइंटला लावून बघा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, तेव्हा भेगांचे फोटो तारखेसकट काढा. ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरला 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो.

तुमच्या घराच्या मंजूर नकाशात तुमच्या संमतीशिवाय बदल करता येत नाही, इमारतीच्या आराखड्यात दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते. रेरा कायद्याचं कलम 14 हेच सांगतं. आर्किटेक्टने सुचवलेला किरकोळ बदल चालतो, पण तोही तुम्हाला कळवून. "साहेब, सगळ्यांनाच असं दिलंय" हे उत्तर तिथे टिकत नाही. प्रकल्प छोटा असून रेरात नोंदलेला नसेल तर ग्राहक आयोगाचं दार आहे.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, मागा. पावतीवर "कोणतीही तक्रार नाही" असं छापलेलं असेल तर ती ओळ खोडून खाली फरकांची यादी स्वतःच्या हाताने लिहा. खोडू देत नसतील तर त्या दिवशी सही करू नका. तीच यादी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती करारनाम्याच्या फाइलमध्येच लावा.