फोनवर स्ट्रोक ओळखताना या चुका टाळा

"आई पडली" म्हटलं की अ‍ॅम्ब्युलन्सच्या हेल्पलाइनवर नवीन कॉल घेणारे लगेच कुठे लागलं, रक्त येतंय का यामागे लागतात आणि पडली कशामुळे हे विचारायचं राहूनच जातं. फोन करणारा स्ट्रोक (मेंदूचा रक्तपुरवठा अचानक अडणं किंवा मेंदूत रक्तस्राव) झालाय असं क्वचितच म्हणतो, तो म्हणतो पडले, काहीतरीच बोलतायत, हातातला कप सुटला. मध्ये एका नवख्या मुलाचं रेकॉर्डिंग ऐकत होते, मुलगी सांगतेय आई बाथरूममध्ये पडली, उठताच येत नाहीये, डावा पाय साथच देत नाहीये, आणि मागे त्या बाईंचा जड जिभेचा अर्धवट आवाज स्पष्ट येतोय, पण हा आपला कंबर दुखतेय का विचारत बसलाय!! कॉल साधी दुखापत म्हणून गेला, हॉस्पिटलला आधी काहीच कळवलं गेलं नाही. मला याचा खरंच त्रास होतो, सगळं समोर होतं हो, फक्त पुढचा प्रश्न उरकायची घाई नडली.

पडल्याचा कॉल आला की मी पहिलं विचारते, पडायच्या आधी काय झालं? मग पेशंटला दात दाखवायला लावते, तोंडाची एक बाजू खाली राहतेय का. डोळे मिटून दोन्ही हात दहा सेकंद समोर धरायचे, एक खाली येतोय का. आणि एक सोपं वाक्य बोलायला लावून नातेवाईकाला विचारते, हे रोज असंच बोलतात का? घाईघाईत "चेहरा ठीक आहे ना?" विचारलंत तर समोरचा न बघताच हो म्हणतो.

दुसरी चूक वेळेची. सकाळी सहाला उठले तेव्हा तोंड वाकडं होतं, म्हणून सहा लिहायचं नाही. रात्री अकराला नीट बोलून झोपले असतील तर अकरा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून शेवटचं ठीक कधी पाहिलं हेच विचारा. आणि उशीर झालाय हे आपण ठरवायचं नाही, काही पेशंटची गाठ 24 तासांपर्यंतही काढता येते.

बाकी पटापट:
लक्षणं गेली, आता बरं आहे म्हणाले तरी गाडी पाठवाच.
पाणी, गोळी काही नाही, गिळता येत नसेल तर ठसका लागून श्वासनलिकेत जातं. अ‍ॅस्पिरिन तर नाहीच, रक्तस्राव आहे की गाठ हे स्कॅनशिवाय कळत नाही.
वय कमी आहे म्हणून सोडू नका.
अचानक चक्कर, तोल जाणं, दोन-दोन दिसणं, हाही स्ट्रोक असू शकतो, यात चेहरा आणि हात नॉर्मल असू शकतात.
डायबेटिस असेल तर शुगर बघायला सांगा, ती खूप कमी झाली तरी असंच दिसतं, पण मशीन शोधेपर्यंत गाडी थांबवू नका.